परक्या बंदरात बोटीवर मुक्काम: पुण्याहून जाणाऱ्यांसाठी रोजच्या कामांचं मार्गदर्शन

खडकवासल्याच्या पाण्यावर शीड हाताळायला शिकलात, एखादा कोर्स केलात आणि आता ओळखीच्या कुणाच्या बोटीवर दोन-तीन महिने राहायला निघालात. वारा, शीड, सुकाणू यांची तयारी सगळेच करतात. गाडी अडते ती बंदरात नांगर टाकल्यावर. पाणी कुठून आणायचं, गॅस कोण भरून देणार, कपडे कुठे धुवायचे, कचरा कुठे टाकायचा, यातलं काहीच आधी कुणी सांगितलेलं नसतं.

पुण्यात दूध संपलं तर चपला अडकवून खाली उतरलं की पाच मिनिटांत पिशवी हातात. नांगरावर उभ्या असलेल्या बोटीवर त्याच कामासाठी डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, पाण्यात सोडायची, मोटर लावायची, भरती-ओहोटी बघायची, जेट्टीवर जागा शोधायची, चालत जायचं आणि ओझं घेऊन तसंच परत यायचं. अर्धा दिवस जातो. म्हणून इथे कामांची यादी करून भागत नाही, त्यांचा क्रम लावावा लागतो. वेळ ठरवतात ती सरकारी कचेरी आणि भरती, आणि एका फेरीत किती आणायचं ते ठरतं डिंगीच्या वजनावर.

उदाहरणासाठी मलेशियातलं लंकावी बेट घेतलं आहे. अंदमान समुद्रातून येणाऱ्या बोटी इथे हमखास थांबतात, १९८७ पासून बेट करमुक्त आहे, नांगरायला सुरक्षित जागा भरपूर आहेत आणि तूरडाळही मिळते. देश बदलला की नियम बदलतील, कामांचा क्रम मात्र हाच राहतो.

१. पुण्यात असतानाच उरकायची कामं

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे किमान सहा महिने हवी. नसेल तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आत्ताच घ्या. बोटीवर पोचल्यावर नूतनीकरण करायचं म्हणजे परक्या राजधानीतल्या भारतीय वकिलातीच्या चकरा.

व्हिसाबद्दल एक गोष्ट नीट तपासा. ई-व्हिसा किंवा आगमनावेळचा व्हिसा पुष्कळदा ठरावीक विमानतळांवर आणि बंदरांवरच चालतो. विमानाने गेल्यावर चालणारा व्हिसा बोटीने शिरताना चालेलच असं नाही. तुम्ही ज्या बंदरातून आत जाणार, त्याचं नाव त्या देशाच्या अधिकृत यादीत आहे का ते बघा.

बोटीवर रुजू व्हायला विमानाने जात असाल तर तिकीट एकेरी असतं आणि विमान कंपनीचा काउंटर तिथेच अडवतो. कप्तानाकडून सहीचं पत्र मागवून घ्या. त्यात बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, ती कुठे उभी आहे, तुम्ही किती तारखेला रुजू होणार आणि कोणत्या बंदरातून देश सोडणार, एवढं स्पष्ट हवं. सोबत बोटीच्या नोंदणीपत्राची प्रत आणि तुमचं नाव असलेली खलाशांची यादी. मलेशियासाठी त्यांचं डिजिटल आगमन कार्डही पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं.

सोबत न्यायचे कागद:

- पासपोर्ट, आणि त्याच्या पहिल्या व शेवटच्या पानाच्या सहा-सात प्रती
- पासपोर्ट आकाराचे दहा-बारा फोटो
- औषधांच्या चिठ्ठ्या, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या. औषधं मूळ पाकिटातच
- प्रवास विमा. शिडाच्या बोटीवरचा मुक्काम आणि समुद्रप्रवास त्यात धरला आहे का, हे पॉलिसीत वाचून
- आंतरराष्ट्रीय वाहन परवाना

हा परवाना संगम पुलाजवळच्या आरटीओतून मिळतो आणि एक वर्ष चालतो. लंकावीत वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. दिवसभरासाठी स्कूटर घेतली तर चार दिवसांची कामं एका दिवसात होतात, पण परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा हात वर करतो.

स्वतःची बोट असेल तर पेठेतून एक रबरी शिक्का करून घ्या: बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, नोंदणीचं बंदर आणि रेडिओचं कॉल साइन (रेडिओवर बोटीची ओळख सांगणारा संकेत). खर्च किरकोळ आहे, पण सहीखाली शिक्का दिसला की पुष्कळ कचेऱ्यांत फॉर्म विनातक्रार पुढे सरकतो.

सामानात तीन लिटरचा प्रेशर कुकर आणि त्याच्या दोन जादा रिंगा, एक जादा सेफ्टी व्हॉल्व्ह घ्या. ती रिंग परदेशात शोधत फिरण्यात आठवडे जातात. तुळशीबागेतून बारीक जाळीची गाळणी आणि झाकणं घट्ट बसणारे डबे, बोहरी आळीतून नायलॉनची दोरी, पितळी कुलपं आणि दोन-तीन आकारांची नरसाळी. रवा, पोहे, शेंगदाणे घरीच भाजून भरा, दमट हवेत न भाजलेल्या रव्यात पंधरा दिवसांत अळ्या होतात.

आणि खसखस घरीच ठेवा. अनारशावरची, गोड्या मसाल्यातली, सगळी. सिंगापूर आणि आखाती देशांत तिच्यावर अमली पदार्थ म्हणून बंदी आहे आणि बोटीवर झडती होते तेव्हा मसाल्याचे डबेही उघडले जातात. प्रवासाच्या वाटेवर यातला एखादा देश येणार असेल तर मसाला खसखशीशिवाय करून घ्या.

२. आधी कागद, मग बाजार

परदेशी पाण्यात शिरताच उजव्या बाजूला, डोलकाठीच्या आडव्या पट्टीखाली पिवळा झेंडा चढवतात. त्याचा अर्थ, बोट अजून तपासली गेलेली नाही. परवानगी मिळेपर्यंत फक्त कप्तानाने किनाऱ्यावर उतरायचं, बाकीच्यांनी बोटीवरच थांबायचं. ‘नुसती पाण्याची बाटली घेऊन येतो’ म्हणून उतरणारा माणूस कायद्याच्या नजरेत बेकायदा घुसलेला असतो. परवानगी मिळाली की पिवळा झेंडा उतरवून त्या जागी यजमान देशाचा झेंडा लावायचा. तो धड, स्वच्छ आणि सुलटा असावा. फाटका झेंडा लोकांच्या मनाला लागतो.

कचेऱ्या साधारण तीन: इमिग्रेशन, कस्टम्स आणि हार्बर मास्टर (बंदराचा अधिकारी). कप्तानाच्या पिशवीत सगळ्यांचे पासपोर्ट, नोंदणीपत्र, विमा, मागच्या बंदराचं निर्गमन पत्र आणि खलाशांच्या यादीच्या सहा प्रती असाव्यात. मागच्या बंदराचं पत्र सगळ्यात महत्त्वाचं. ते नसेल तर तुम्ही कुठून आलात हेच सिद्ध होत नाही. अंगात कॉलरचा शर्ट, फुल पॅंट आणि पायात चपला-बूट हवेत.

इथे वाराचा घोळ होतो. लंकावी केदाह राज्यात येतं आणि तिथे सरकारी सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते. रविवारी कचेऱ्या चालू असतात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी कितीतरी दुकानंही बंद होतात. गुरुवारी संध्याकाळी पोचलात तर नेहमीच्या वेळेतलं काम थेट रविवारी. त्या हिशेबाने पाणी आणि भाजी हाताशी ठेवा.

३. डिंगी

डिंगी हीच तुमची रिक्षा आणि हीच हातगाडी. ती चोरीला गेली किंवा बुडाली तर बोटीवरच अडकून पडाल. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

निघण्याआधी इतकं आत आहे ना बघा: वल्ही, हवा भरायचा पंप, पाणी उपसायला कापलेला कॅन, छोटा नांगर आणि दोर, पाच-सहा मीटरचा पुढचा दोर, प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार आणि कुलूप, अंधार पडणार असेल तर पांढरा दिवा. कागद आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि ती पिशवी डिंगीला बांधलेली. मोटर बंद करणारी लाल दोरी मनगटाला किंवा गुडघ्याला अडकवल्याशिवाय मोटर चालू करायची नाही. माणूस पाण्यात पडला आणि डिंगी गोल फिरत परत त्याच्याच अंगावर आली, असे जीवघेणे अपघात याच दोरीच्या आळसापायी होतात.

मोटर टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं. ५०:१ प्रमाण म्हणजे लिटरला २० मिली, पाच लिटरच्या कॅनला १०० मिली. तुमच्या मोटरचं प्रमाण तिच्या पुस्तिकेत बघा आणि मार्करने कॅनवरच लिहून ठेवा.

लंकावी-फुकेतच्या भागात उधाणाला पाणी तीनेक मीटर चढतं-उतरतं. यातून तीन फजित्या होतात. ओहोटीला आखूड दोराने बांधलेली डिंगी भरती येताना जेट्टीच्या फळ्यांखाली सरकते, वर येणारं पाणी तिला खालून दाबतं आणि ती भरून बुडते. भरतीला आखूड बांधलेली डिंगी ओहोटीत नाकाने लटकते आणि सामान पाण्यात जातं. तिसरी म्हणजे भरतीला वाळूत ओढून ठेवलेली डिंगी चार तासांनी शंभर मीटर चिखलापलीकडे बसलेली दिसते. उपाय साधा आहे. पुढचा दोर लांब सोडा आणि मागून छोटा नांगर टाकून डिंगी जेट्टीपासून दूर ताणून धरा. दोर लांब असला की बाकीच्यांनाही त्यांच्या डिंग्या आत-बाहेर करता येतात.

कोकणात तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, म्हणजे अष्टमीला सहा वाजता. हे गणित कोकण किनाऱ्याचं आहे, परक्या बंदरात वेळेसाठी ते लावू नका, तिथलं भरतीचं कोष्टकच बघा. तिथीचा एक भाग मात्र इथेही चालतो: अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या एक-दोन दिवसांत उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती. बोटीवर कालनिर्णय टांगलं असेल तर जड सामानाचा दिवस त्यावरून आधीच ठरवता येतो.

४. पाणी

मरिनात, म्हणजे बोटी धक्क्याला लावून ठेवायच्या जागी, उभे असाल तर धक्क्यावर नळ असतो. तिथला नळीचा तुकडा वापरू नका, त्याने कुणी काय धुतलंय सांगता येत नाही. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी स्वतःची ठेवा. आधी दोन मिनिटं पाणी सोडून द्या, उन्हात तापलेल्या नळीतलं शिळं पाणी जाऊ द्या, मग पेल्यात घेऊन वास आणि चव बघा.

नांगरावर असाल तर कॅन. २० लिटरचा भरलेला कॅन म्हणजे वीस किलोच्या वर. डोलणाऱ्या डिंगीतून बोटीच्या कठड्यावर तो एका हाताने उचलताना कंबर जाते. १० लिटरचे कॅन घ्या, दोन हातांत दोन, तोल राहतो. ३०० लिटरच्या टाकीला असे तीस कॅन लागतात, तेव्हा एका दिवसात टाकी भरायचा अट्टहास नको. किनाऱ्यावरच्या प्रत्येक फेरीत चार कॅन आणले तर टाकी कधी रिकामी होत नाही. काटकसरीने माणशी दिवसाला ८-१० लिटर पुरतं: भांडी आधी समुद्राच्या पाण्याने, शेवटचं विसळणं गोड्या पाण्याने. बंदराच्या आत मात्र भांड्यांना समुद्राचं पाणी वापरू नका, त्यात काय मिसळलंय ते दिसत नाही.

पाण्याबद्दल शंका असेल तर ५ टक्क्यांचं, सुगंध नसलेलं ब्लीच लिटरमागे दोन थेंब, म्हणजे दहाच्या कॅनला वीस थेंब. ढवळा, अर्धा तास थांबा. बोटीवर खारं पाणी गोडं करायचं यंत्र असेल तर क्लोरिनचं पाणी त्याच्या पडद्यातून जाऊ देऊ नका, पडदा कायमचा खराब होतो.

आणि सगळ्यात महागडी चूक: डेकवर पाण्याचं आणि डिझेलचं भरायचं तोंड बहुतेक बोटींवर सारखंच दिसतं. डिझेलच्या टाकीत पाण्याचे चार कॅन गेले की इंजिन बंद, टाकी उपसणं आणि सगळे फिल्टर बदलणं आलं. पाण्याच्या तोंडाशी निळी पट्टी, डिझेलच्या तोंडाशी पिवळी पट्टी आजच चिकटवा. भरताना एकाने ओतायचं, दुसऱ्याने तोंडावरचं अक्षर मोठ्याने वाचायचं. झाकणाच्या रबरी रिंगेला वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर डेकवर आलेलं खारं पाणी टाकीत झिरपतं.

५. गॅस

आपल्याकडची टाकी आणि रेग्युलेटर परदेशात बसत नाहीत आणि एका देशाची जोडणी शेजारच्या देशात चालत नाही. त्यामुळे दोनच मार्ग. एक, बोटीची टाकी भरून देणारा शोधणं. दोन, स्थानिक टाकी अनामत देऊन घेणं आणि त्या देशाचा रेग्युलेटर व नळी बसवणं. महिन्यापेक्षा जास्त राहणार असाल तर दुसरा मार्ग सोपा. फक्त ती टाकी बोटीच्या गॅसच्या कप्प्यात मावते का, हे आधी फूटपट्टीने मोजा.

भरून घेताना दुकानदाराला दोन गोष्टी सांगा. टाकी ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायची नाही, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. आणि आत कोणता गॅस जाणार आहे. त्याच तापमानाला प्रोपेनचा दाब ब्युटेनच्या तिप्पट-चौपट असतो. फक्त ब्युटेनसाठी केलेल्या हलक्या टाकीत प्रोपेन भरला तर ती धोकादायक होते. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला तरी ऐकू नका, टाकीवर कोरलेलं वाचा. रिकामी टाकी वजन करून न्या आणि आल्यावर पुन्हा वजन करा, किती भरला ते तिथेच कळतं.

रिक्षा-टॅक्सीत टाकी उभी आणि खिडकी उघडी. डिंगीत टाकी पुढे, पेट्रोल मागे. बोटीवर जोडल्यावर साबणाचं पाणी लावून प्रत्येक सांधा बघा. घरी गॅस गळला तर दारं-खिडक्या उघडून निभावतं. बोटीत तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि तिथून बाहेर जायला वाटच नसते. म्हणून स्वयंपाक झाला की टाकीचा व्हॉल्व्ह बंद, प्रत्येक वेळी. कुकर वापरला तर दोघांना पाच किलो गॅस महिनाभर पुरावा.

६. डिझेल आणि पेट्रोल

पिवळा कॅन डिझेलचा, लाल पेट्रोलचा, निळा पाण्याचा. पंपावर कॅनमध्ये भरून देतात की नाही हे प्रत्येक देशात आधी विचारा, काही ठिकाणी मनाई असते. डिझेल गाळणीच्या नरसाळ्यातूनच ओता आणि शेवटचा पेलाभर तळाचा गाळ-पाणी बघायला कॅनमध्येच राहू द्या.

७. बाजारहाट

कोरडं सामान आधी, भाजी सगळ्यात शेवटी. लंकावीत रोज वेगळ्या गावात रात्रीचा बाजार भरतो, त्याला ‘पासार मालाम’ म्हणतात. ताजी भाजी, फळं, मासळी तिथे चांगली मिळते. कुआ गावात तमिळ मंडळींच्या दुकानांत तूरडाळ, मोहरी, हिंग, कढीपत्ता मिळतो, तेव्हा पुण्याहून डाळी वाहून नेऊ नका. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, आमसुलं एवढं न्या.

पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर चढू द्यायचं नाही. झुरळांची अंडी पुठ्ठ्याच्या नाळ्यांत असतात आणि बोटीत एकदा झुरळं झाली की लाकडी फळ्यांमागून ती निघत नाहीत. सगळं जेट्टीवरच मोकळं करा, अंड्यांचे ट्रेसुद्धा प्लॅस्टिकचे वापरा. केळ्यांचा घड पाण्यात दोन-तीनदा बुडवून, झटकून मगच वर घ्या.

बटाटे अंधारात, कांदे जाळीच्या पिशवीत टांगून, आणि दोघांना एकमेकांपासून लांब. शेजारी ठेवले की बटाट्यांना लवकर मोड येतात. केळी इतर फळांपासून दूर. कोबी आख्खा घ्या, वरची पानं काढू नका, दोन-तीन आठवडे टिकतो. अंडी फ्रीजमध्ये न ठेवलेली आणि न धुतलेली निवडा, तीन-चार दिवसांनी उलटी करत राहा, वापरण्याआधी पाण्यात टाकून बघा. तरंगलं की फेकायचं. डब्यांवरचे कागदी लेबल ओलीत सुटतात, म्हणून झाकणावर मार्करने लिहा.

८. कपडे

मलेशियात ‘डोबी’ अशी पाटी शोधा. तो शब्द आपल्या धोब्याचाच आहे. किलोवर धुवून मिळतात किंवा नाणी टाकायची यंत्रं असतात. कपडे मोजून, यादीचा फोटो काढून द्या. समुद्राच्या पाण्यात धुतलेला कपडा कधीच पूर्ण वाळत नाही, उरलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं. तेव्हा शेवटचं पाणी गोडंच हवं, निदान आतल्या कपड्यांना आणि चादरींना. मिठाच्या ओल्या कपड्यांनी अंगावर पुरळ आणि फोड येतात.

९. फोन आणि पैसे

स्थानिक सिम कार्डासाठी पासपोर्ट लागतो. भारतीय नंबर मात्र चालू ठेवा, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. किमान रिचार्जची तारीख लिहून ठेवा. कार्डाचे परदेशातले व्यवहार आपल्याकडे मुळात बंद असतात, निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून चालू करा. दोन वेगळ्या बँकांची कार्डं, दोन वेगळ्या पिशव्यांत. मलेशियाची वेळ आपल्या अडीच तास पुढे आहे, तेव्हा पुण्यातली शाखा दहाला उघडली की तिथे साडेबारा वाजलेले असतात. जेट्टी, धोबी, रात्रीचा बाजार यांसाठी सुटे रिंगिट (मलेशियाचं चलन) लागतातच.

१०. कचरा

प्लॅस्टिक समुद्रात टाकायला जगात कुठेही परवानगी नाही. १९८८ च्या अखेरीस लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमाने ही बंदी आहे. उरलंसुरलं अन्नसुद्धा किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या आत टाकता येत नाही. म्हणून वेष्टणं दुकानातच काढून टाका, जितकं कमी चढेल तितकं कमी उतरवायचं. डबे धुवून चपटे करा. इंजिनचं जुनं तेल झाकणाच्या कॅनमध्ये साठवून मरिनातल्या तेलाच्या पिंपातच रिकामं करा, गटारात नाही. त्याच पाण्यात संध्याकाळी पोरं पोहतात आणि कोळी जाळी टाकतात.

११. निघताना

निर्गमन पत्र मिळालं की ठरावीक मुदतीत, बहुतेक ठिकाणी २४ तासांत, बंदर सोडावं लागतं. म्हणून पाणी, गॅस, डिझेल आदल्या दिवशी. निघायच्या सकाळी कचेऱ्या, आणि परतीच्या वाटेवर पालेभाजी, पाव, बर्फ. मध्येच कुणी बोट सोडून विमानाने परतणार असेल तर त्याचं नाव इमिग्रेशनमध्ये खलाशांच्या यादीतून रीतसर कमी करून घ्या. नाव तसंच राहिलं तर तो देशाबाहेर गेला हे सिद्ध करायची जबाबदारी कप्तानावर येते.

बोटीवर परतल्यावर मोटर गोड्या पाण्यात पाच मिनिटं चालवा, पेट्रोलचा नळ बंद करून आतलं पेट्रोल संपू द्या, मग तिला मागच्या कठड्यावर घट्ट बसवा. डिंगी डेकवर उलटी घालून चारही कोपऱ्यांनी बांधा, वल्ही तिच्याखाली. पेट्रोलचा कॅन डेकवर मोकळ्या हवेत, गॅसच्या कप्प्यात कधीच नाही. नांगर त्यानंतर उचलायचा.